सगळ्यात शेवटी कोण?

मुलांनो, सहलीहून परत निघताना बसमध्ये सगळ्यात आधी कोण चढतं? उत्तर मला ठाऊक आहे. खिडकीची जागा पकडायची असते ना! टोपी, रुमाल, पाण्याची बाटली, हाताला लागेल ते खिडकीतून आत टाकून तुम्ही जागा धरता. लहानपणी मीही हेच करत असे. पण सगळ्यात शेवटी कोण चढतं, हे कधी पाहिलंय का तुम्ही?

हा साधा प्रश्न घेऊन मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दीवहून परत आले. गेलो होतो मजा करायला, आणि ती केलीही. पण प्रश्न काही पाठ सोडत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सगळं सांगावं.

बेटाचं नाव बेट

आधी नकाशा काढा बरं. गुजरातमधला सौराष्ट्र सापडला? त्याच्या दक्षिण टोकाशी, किनाऱ्याला अगदी चिकटल्यासारखा एक ठिपका दिसेल. तेच दीव. दीव म्हणजे दिवा नव्हे हं! संस्कृत ‘द्वीप’ या शब्दावरून हे नाव आलं. द्वीप म्हणजे बेट. थोडक्यात, बेटाचं नाव बेट! पूर्व-पश्चिम लांबी साधारण ११ किलोमीटर. जमीन आणि बेट यांच्यामध्ये एक अरुंद खाडी आहे. खाडीवर पूल आहे, त्यामुळे बेटावर जायला होडी लागत नाही. हे कळल्यावर आमच्या धाकट्या बंटीचं तोंड जरा उतरलंच.

गंमत म्हणजे, एवढ्याशा जागेचा पत्ता मात्र लांबलचक. २६ जानेवारी २०२० पासून दीव ज्या केंद्रशासित प्रदेशात आहे, त्याचं नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’. भूगोलाच्या पेपरात हे नाव लिहायला आलं, तर अर्धी ओळ त्यातच संपायची!

आम्ही खरं तर सोमनाथला गेलो होतो. मी, मुलांचे बाबा, आजी, सातवीतली ताई आणि चौथीतला बंटी. परतीची गाडी वेरावळहून होती आणि मध्ये दीड दिवस मोकळा होता. बाबांनी लगेच कागद-पेन काढलं. सोमनाथ ते दीव, एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. कोणत्या वेळी कुठे, हे सगळं मिनिटांसकट लिहिलं. आमच्या घरात या कागदाला ‘पंचांग’ म्हणतात.

प्रत्येकाची इच्छा वेगळी. ताईला किल्ला पाहायचा होता. बंटीला फक्त वाळू आणि पाणी हवं होतं. त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. आजी म्हणाली, “पंढरीला नाही, तर निदान त्या समुद्रातल्या महादेवाला तरी नेऊन आणा.” आणि मला? मला कुठेतरी अर्धा तास नुसतं बसायचं होतं. ‘बाई, बाई’ अशी हाक न ऐकता!

सकाळी एसटीने निघालो. कोडिनार मागे पडलं, उन्याला गाडी बदलली. उन्याहून दीव साधारण १५ किलोमीटर. दीव जवळ आलं तसं ताईने मला कोपराने ढोसलं. “आई, ते झाड बघ! ताडाला फांद्या फुटल्यात!” खरंच की. नारळ, ताड, सुपारी ही झाडं कशी सरळसोट वाढतात. इथे मात्र एका खोडाची दोन खोडं, दोनाची चार, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पानांचा झुबका. इथले लोक या झाडाला ‘होका’ म्हणतात. काही ठिकाणी त्याला रावणताड असंही नाव आहे. दहा तोंडांच्या रावणाची आठवण यावी असंच ते रूप!

दाढी गहाण!

पुलावरून बेटावर आलो आणि पंचांगाप्रमाणे पहिला मुक्काम किल्ला. तीन बाजूंना समुद्र आणि जमिनीच्या बाजूला खंदक. तटावर चढलं की खाडीत पाणीकोठा दिसतो. पाण्यात बांधलेला हा छोटासा किल्ला लांबून अगदी दगडी जहाजासारखा वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, दीवच्या या किल्ल्याशी आपलं काय नातं? ऐका तर.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याच्यावर मुघल बादशहा हुमायून चालून येण्याची भीती होती. बहादुरशाहाला मदत हवी होती. समुद्रावर तेव्हा पोर्तुगिजांचा जोर होता. १५३४ साली त्याने पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई त्यांना देऊन टाकली. वसईबरोबर आपल्या मुंबईची बेटंही गेली! पुढच्याच वर्षी, १५३५ साली, त्याने दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. आपण भलत्यालाच घरात घेतलं, हे त्याला लवकरच उमगलं. पण उशीर झाला होता. १५३७ साली पोर्तुगीज गव्हर्नरला भेटायला तो त्यांच्या जहाजावर गेला. तिथून निघाल्यावर चकमक झाली आणि दीवच्या समुद्रातच सुलतानाचा अंत झाला.

त्यानंतर किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले, १५३८ साली आणि १५४६ साली. दुसऱ्या वेढ्यात तर तट पार ढासळला. जुआंव द कास्त्रो हा तेव्हा पोर्तुगिजांचा मुख्य अधिकारी होता. याच लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. वेढा उठला, पण किल्ला पुन्हा बांधायला पैसे कुठून आणायचे? त्याने गोव्याच्या लोकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून काय पाठवलं असेल? आपल्या दाढीचे केस! आपल्याकडे मिशीला जो मान, तो त्यांच्याकडे दाढीला. गोव्याच्या लोकांनी पैसे पाठवले आणि त्याबरोबर दाढीचे केसही परत पाठवले.

हे ऐकून बंटीने बाबांकडे निरखून पाहिलं. “बाबा, तुमच्या दाढीवर किती पैसे मिळतील?” बाबा रोज गुळगुळीत दाढी करणारे. ते म्हणाले, “मला तर कुणी अर्धा कप चहासुद्धा उधार देणार नाही!”

ताईला मात्र वेगळाच प्रश्न पडला. “चिमाजी अप्पांनी वसई घेतली ना? मग दीव?” अगदी बरोबर विचारलंन. वसई मराठ्यांनी १७३९ साली जिंकली. दीव मात्र पोर्तुगिजांकडेच राहिलं. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, तरी गोवा, दमण आणि दीव इथे त्यांचंच राज्य होतं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने कारवाई केली आणि १९ डिसेंबरला दीव मुक्त झालं. १५३५ ते १९६१. वजाबाकी तुम्हीच करा. म्हणजे ‘थोडे दिवस राहू द्या’ म्हणून आत घेतलेला पाहुणा किती वर्षं राहतो, ते कळेल!

आजीचं गणित

पंचांगात दुपारी दोन वाजता गंगेश्वर लिहिलं होतं. आजीने कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाली, “दोनला नको. पाचला जाऊ.”

“आई, पाचला नायडा गुंफा आहेत,” बाबा म्हणाले.

“गुंफा कुठे पळून जातायत? पाणी पळून जातं.”

आजीचं माहेर हर्णैचं. समुद्र तिच्या परसदारीच होता म्हणा ना. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “आज एकादशी. अकराची पाऊणपट किती?”

बंटी आठवू लागला. पाऊणकीचा पाढा आता शाळेत नसतो. शेवटी ताईने कागदावर केलं. ११ गुणिले ३ भागिले ४. उत्तर सव्वाआठ.

“म्हणजे रात्री सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, दोनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पाचला पाणी चढतं असेल. दीवचं पाणी हर्णैपेक्षा थोडं मागंपुढं होईल, पण फार नाही.”

मुलांनो, ही कोकणातली जुनी युक्ती. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची अंदाजे वेळ निघते. मी शिक्षिका असूनही मला हे माहीत नव्हतं! मग मी विचार केला. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, असं आपण विज्ञानात शिकतो. पाऊणपट म्हणजे रोज पाऊण तास, म्हणजेच ४५ मिनिटं. घड्याळ नसलेल्या काळात बोटांवर केलेलं गणित आणि पुस्तक यांच्यात फरक फक्त पाच मिनिटांचा!

तेव्हा गुंफा आधी उरकल्या. किल्ल्यासाठी इथूनच दगड काढला आणि त्यातून या गुंफा तयार झाल्या, असं सांगतात. आत वरच्या फटींतून उन्हाचे झोत येतात. मग रिक्षा करून फुदम गावाजवळ गंगेश्वरला पोहोचलो, तेव्हा पाच वाजायला आले होते.

पायऱ्या उतरून खाली गेलो. कड्याच्या पोटात, अगदी समुद्राच्या तोंडाशी, खडकात पाच शिवपिंडी. पाच पांडवांनी स्थापन केल्या, असं लोक मानतात. पाणी चढत होतं. एक लाट यायची, पिंडींच्या अलीकडे थांबायची. पुढची थोडी जवळ. आणि मग एक मोठी लाट आली, पाचही पिंडींवरून वाहिली आणि फुलं घेऊन परत गेली. आजीने डोळे मिटून हात जोडले. दोनला आलो असतो, तर महादेव कोरडेच राहिले असते आणि आजीची एकादशीसुद्धा.

पण त्याच वेळी एक घोटाळा झाला. लाट नीट दिसावी म्हणून बंटी शेवाळलेल्या खडकावर एक पाऊल पुढे गेला आणि सर्रकन घसरला. आजीने, त्या सत्तरीच्या आजीने, त्याचं मनगट असं काही पकडलं, की तो होता तिथेच बसला. एक चप्पल मात्र समुद्राने नेली.

“समुद्राकडे पाठ करायची नाही आणि त्याच्या पुढ्यात हिंडायचं नाही,” आजी एवढंच म्हणाली. बंटीने उरलेली चप्पल हातात घेतली. त्याचा हात थरथरत होता. माझाही.

खुकरी

परत येताना सूर्य खाली उतरला होता. रिक्षावाल्या भाऊंनी एका टेकाडापाशी गाडी थांबवली. वर समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत एक जहाज आहे. खरं नव्हे, प्रतिकृती. हे आयएनएस खुकरी या युद्धनौकेचं स्मारक. खुकरी म्हणजे गुरख्यांचं ते वाकडं पातं.

१९७१ साली भारत-पाकिस्तान युद्ध झालं. दीवजवळच्या समुद्रात शत्रूची पाणबुडी फिरत होती. तिला शोधायला खुकरी आणि किरपाण या नौका निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने सोडलेला पाणतीर खुकरीवर आदळला. काही मिनिटांतच जहाज बुडू लागलं. त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण गेले.

खुकरीचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. वय ४५. त्यांनी सगळ्यांना जहाज सोडण्याचा हुकूम दिला. जितक्यांना पाण्यात उतरवता आलं, तितक्यांना उतरवलं. स्वतःचं जीवरक्षक जॅकेटही त्यांनी एका नौसैनिकाला देऊन टाकलं. ते स्वतः मात्र उतरले नाहीत. जहाजाबरोबरच ते समुद्रात गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आलं.

हे सांगताना माझा आवाज जरा बसला. बंटी काचेला नाक लावून उभा होता. एका हातात एक चप्पल.

“आई, जॅकेट तर त्यांचंच होतं ना? मग ते का नाही गेले?”

मी शिक्षिका. रोज पन्नास प्रश्नांची उत्तरं देते. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. उत्तर आजीने दिलं.

“आमच्या हर्णैला होडीचा तांडेल असतो. होडी किनाऱ्याला लागली, की पोरं पटापट उड्या मारतात. तांडेल सगळ्यात शेवटी उतरतो. आत कुणी राहिलं नाही ना, हे बघितल्याशिवाय तो उतरत नाही. जहाजात अजून माणसं होती रे. मग कप्तान कसा उतरेल?”

सगळेच गप्प झाले. पश्चिमेला लाल रंग होता आणि पूर्वेला एकादशीचा चंद्र बराच वर आला होता. खाली भरती चढत होती. मला हवा असलेला अर्धा तास मिळाला होता, पण मला नुसतं बसता येईना. मला एक जुनी गोष्ट आठवत होती. तीच मग मी मुलांना सांगितली. तुम्हालाही सांगते.

काही वर्षांपूर्वी मी वर्गाची सहल घेऊन गेले होते. परत येताना रस्त्यात चहाला थांबलो. पंधरा मिनिटांचा थांबा. माझं डोकं दुखत होतं. मी सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढले, खिडकीशी बसले आणि बसल्या जागेवरूनच विचारलं, “आले का रे सगळे?” सगळे ओरडले, “होऽऽ!” बस निघाली. दहा मिनिटांनी मागून एक आवाज आला, “बाई, माझ्या शेजारची जागा रिकामी आहे.”

बस वळवली. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. तिसरीतली ती मुलगी चहाच्या टपरीसमोर बाकावर बसली होती. टपरीवाल्या मावशींनी तिला बिस्किटाचा पुडा दिला होता, तो तिने उघडला नव्हता. ती रडत नव्हती. मला पाहून एवढंच म्हणाली, “बाई, मी नळावर पाणी भरत होते. मी तुम्हाला हाक मारली होती.”

मी डोकी मोजली नव्हती. ‘हो’ म्हणणाऱ्यांना विचारलं होतं, पण जे मागे राहतं, ते ‘नाही’ म्हणायला बसमध्ये नसतंच ना! त्या दिवसापासून मी कधीही आधी चढत नाही. दारात उभी राहते, एकेक डोकं मोजते, नळ, दुकान, बाथरूम बघून येते आणि मग चढते. मला खिडकी मिळत नाही. चालेल.

कुठे ते कप्तान मुल्ला आणि कुठे मी! तुलना करायची माझी मुळीच हिंमत नाही. पण ज्याच्यावर माणसं सोपवलेली असतात, त्याची जागा शेवटी असते, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

निघताना बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खुकरी बुडाली, पण नौदलाने ते नाव पुन्हा एका नव्या युद्धनौकेला दिलं. ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली. १९८९ साली नौदलात दाखल झाली, २०२१ साली निवृत्त झाली आणि २६ जानेवारी २०२२ रोजी ती दीवच्या प्रशासनाकडे सोपवण्यात आली. ताई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे नाव बुडाली, पण नाव नाही बुडालं!”

मराठीच्या पेपरात मी तिला याला पैकीच्या पैकी दिले असते.

एक तास नागव्याचा

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांगात फक्त एक ओळ होती. नागवा, एक तास. घोड्याच्या नालेसारखा वळलेला हा किनारा. बंटी नव्या चपला किनाऱ्यावर काढून पाण्यात शिरला, गुडघ्यापर्यंत, आणि तोंड समुद्राकडे. तिथे भावनगरची दोन मुलं भेटली. भाषा निराळी, पण वाळूच्या किल्ल्याला भाषा कशाला लागते? चौघांनी मिळून किल्ला बांधला, खंदक खणला. तासाभरात समुद्राने त्याला वेढा घातला आणि जिंकलाही. या वेळी कुणाची दाढी गहाण पडली नाही!

दुपारी उन्याच्या स्टँडवर आमची गाडी लागली. दिवाळीची गर्दी. मी पिशव्या उचलल्या, बाबांनी आजीला हात दिला, ताई जागा धरायला पळाली. बंटी मात्र दाराशीच उभा.

“अरे, चढ ना! खिडकी जाईल.”

“तुम्ही चढा. आजी एक, बाबा दोन, ताई तीन, आई चार.” त्याने मागे वळून बाकाकडे पाहिलं, बाकाखाली वाकून पाहिलं. तिथे आजीची काठी राहिली होती! ती घेऊन तो वर आला. “आता पाच.”

त्याला खिडकी मिळाली नाही. वेरावळपर्यंत तो मधल्या वाटेत पिशवीवर बसून आला.

तर मुलांनो, लवकरच तुमच्या शाळेच्या सहली निघतील. एक करून बघा. वर्गात दोघादोघांच्या जोड्या लावा. ‘सगळे आले का?’ असं कुणी विचारलं, की ‘हो’ ओरडण्याआधी आपला जोडीदार शेजारी आहे ना, हे पाहा. आणि रोज एकाने शेवटी चढायचं, पाळीपाळीने. आईबाबांनो, घरच्या प्रवासातही ही पाळी मुलांना द्या. मुलं ती फार मनापासून सांभाळतात, हे मी पाहिलंय.

आणि कधी दीवला गेलात, तर तिथी पाहून पाऊणपट करायला विसरू नका. चपला मात्र घट्ट धरा!